कुंभकोणमचा रथ आणि किंचाळणारा ब्रेक

एप्रिलच्या सुमारास तमिळनाडूत चित्तिरै महिना लागतो आणि कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिराचा रथ बाहेर निघतो. रथ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चार घोडे जुंपलेला, अर्जुनाचा असतो तसा सुटसुटीत रथ आला असेल. तो आधी पुसून टाका बघू! हा रथ म्हणजे चाकांवर उभं केलेलं देऊळच. खाली कोरीव लाकडाचा भक्कम गाडा, त्यावर रंगीत कापडांनी मढवलेला उंचच उंच डोलारा आणि सगळ्यात वर कळस. तमिळनाडूतल्या सर्वांत मोठ्या रथांमध्ये त्याची गणना होते. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. जाडजूड दोर धरून शेकडो माणसं तो ओढतात. देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावरच गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं छोटंसं कौलारू घर आहे. लहानपणी त्यांनी हा रथ नक्कीच पाहिला असणार.

आता मला सांगा, एवढा अजस्र रथ एकदा चालू लागला की थांबवायचा कसा? दोर सोडून दिले तरी तो लगेच थोडाच थांबणार! वजनदार वस्तूला एकदा गती मिळाली की ती सहजासहजी सुटत नाही.

म्हणून चाकांशेजारून काही माणसं चालत असतात. त्यांच्याजवळ टणक लाकडाच्या मोठमोठ्या पाचरी असतात. तमिळमध्ये या पाचरीला मुट्टुकट्टै म्हणतात. रथाचा वेग वाढला, की ही माणसं नेमक्या क्षणी चाकापुढे पाचर सरकवतात. चाक तिच्यावर चढू पाहतं, तिला दाबतं, रस्त्यावरून रेटत नेतं. लाकूड चाकावर घासतं, रस्त्यावर घासतं, करकरतं, तापतं. रथाचा वेग मंदावतो. फक्त उजव्या चाकाखाली पाचर घातली तर उजवी बाजू रेंगाळते, डावी पुढे जाते आणि रथ उजवीकडे वळतो! म्हणजे एकच लाकूड ब्रेकचंही काम करतं आणि स्टिअरिंगचंही. ती पाचर कधी, कुठे, किती तिरकी घालायची हे कोणत्याही पुस्तकात नाही. एक क्षण उशीर झाला तर जिवाशी गाठ. मला विचाराल तर रथोत्सवातली सर्वांत अवघड कामगिरी याच माणसांची.

कुंभकोणमहून थोडं पुढे तिरुवारूरला गेलात, तर तिथला रथ आणखी मोठा, सुमारे ३०० टनांचा सांगतात. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्यानं पोलादी चाकं, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले आहेत. तरीसुद्धा पाचरी घेतलेली माणसं चाकांजवळ असतातच.

हे सगळं रथपुराण कशासाठी, असं वाटलं ना? कारण तुमच्या घरच्या मोटारीचा ब्रेकही अगदी हेच करतो. फिरणाऱ्या वस्तूवर दुसरी वस्तू दाबायची आणि घर्षणानं तिला थोपवायचं. फरक इतकाच, की मोटारीत ते चाकाच्या आत, नजरेआड चालतं. मोटारीच्या पुढच्या चाकामागे वाकून पाहिलंत तर एक चकचकीत लोखंडी तबकडी दिसेल. ती डिस्क. चाकाबरोबर ती गरगर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि दोन्ही पॅडना धरून ठेवणारा लोखंडी चिमटा म्हणजे कॅलिपर. बाबांनी पायानं ब्रेक दाबला की नळीतल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो, तो दाब कॅलिपरमधल्या दट्ट्यापर्यंत पोचतो आणि दोन्ही पॅड डिस्कला करकचून धरतात.

मग गाडीची गती जाते कुठे? ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. चला, हिशेब करू. १,००० किलोची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगानं चालली आहे आणि ब्रेक लावून ती पूर्ण थांबवली, तर जवळजवळ १ लाख ३९ हजार ज्यूल एवढी ऊर्जा मोकळी होते. ती सगळी पाण्यात गेली असती तर ३० अंशांचं जवळपास अर्धा लिटर पाणी उकळलं असतं. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे ना, घट्ट दुधाची, पितळी डबऱ्यात उंचावरून फेसाळून दिलेली? तिच्यासाठी फिल्टरमध्ये ओतायचं उकळतं पाणी एका ब्रेकमध्ये तयार! आणि हे रस्त्यात म्हैस आडवी आली की दरवेळी. बिचाऱ्या चार चाकांच्या ब्रेकना एवढी उष्णता काही सेकंदांत झेलावी लागते आणि लगेच वाऱ्यावर सोडून पुन्हा तयार व्हावं लागतं.

हे काम बहुतेक वेळा मुकाट्यानं होतं. पण कधीकधी सिग्नलपाशी येता येता चाकातून असा काही आवाज निघतो, की रस्त्यावरचा कुत्राही दचकतो. चींऽऽऽ! हा आवाज येतो कुठून?

याचं उत्तर कुंभकोणमच्याच एका वाद्यात सापडतं. व्हायोलिनमध्ये.

हे वाद्य आलं युरोपातून, पण कर्नाटक संगीतात ते असं मुरलं, की आता त्याच्या साथीशिवाय मैफल सुनी वाटते. यात आपल्या मराठी राजांचाही हातभार आहे बरं का. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरच्या गादीवर बसले. पुढे त्यांच्याच घराण्यातले सरफोजीराजे मोठे विद्याप्रेमी निघाले. त्यांच्या दरबारात चार भाऊ होते, ‘तंजावरची चौकडी’ म्हणून ओळखले जाणारे. त्यांतला धाकटा वडिवेलु. दक्षिणेच्या संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींत त्याचं नाव घेतात. आणि पुढे विसाव्या शतकात कुंभकोणम राजमाणिक्कम पिळ्ळै यांनी तर आपल्या गावाचं नावच व्हायोलिनशी जोडून टाकलं.

व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात आणि त्यांवर राळ चोळलेली असते. राळ चिकट. गज तारेवरून ओढला, की तार गजाला चिकटते आणि त्याच्याबरोबर थोडी ओढली जाते. ताण वाढतो, वाढतो, आणि टुणकन सुटते! मागे येते. पुन्हा चिकटते. पुन्हा सुटते. एका सेकंदात हे शेकडो वेळा घडतं. सूर ४४० कंपनांचा असेल तर सेकंदाला ४४० वेळा ‘पकड–सोड, पकड–सोड’. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात तारेची ही हालचाल बारकाईनं तपासली होती.

ब्रेकमध्येही हीच पकड–सोड चालते. पॅड डिस्कला धरतो, डिस्क त्याला किंचित पुढे ओढते, तो निसटतो, पुन्हा धरतो. दोन वस्तू एकमेकींवर सरकायला लागण्याआधी जास्त घट्ट धरून असतात आणि सरकायला लागल्यावर ती पकड थोडी ढिली होते. जड कपाट ढकलताना तुम्ही हे अनुभवलं असेल: हलेपर्यंत जीव जातो, एकदा हललं की सोपं. पकडीतल्या या फरकामुळेच अडखळत सरकणं सुरू होतं. त्या धक्क्यांनी डिस्क थरथरते. थरथर केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, डोळ्यांना मुळीच न दिसणारी. पण डिस्क चांगली पसरट आणि लोखंडाची; ती शेजारची हवा हलवते आणि आवाज थेट आपल्या कानात. व्हायोलिनमध्ये हीच थरथर लाकडी पेटीतून गोड होऊन येते आणि वाजवणारा तिला हवी तशी वळवतो. ब्रेकला वळवणारं कुणी नाही, म्हणून तो किंचाळतो.

किंचाळी साधारण सेकंदाला १,००० कंपनांपासून पुढे सुरू होते आणि १५–१६ हजारांपर्यंत जाऊ शकते. इथे एक गंमत आहे. लहान मुलांना २० हजार कंपनांच्या आसपासचे आवाजही ऐकू येतात. वय वाढतं तसा वरच्या पट्टीतला आवाज ऐकू येणं कमी कमी होत जातं. म्हणजे गाडीत तुम्ही म्हणालात, ‘आजोबा, चाकातून चीं असा आवाज येतोय,’ आणि आजोबा म्हणाले, ‘मला तर काही येत नाही बुवा,’ तर दोघंही खरं बोलत असाल!

आता एक प्रयोग. काचेचा पातळ, गुळगुळीत काठाचा पेला घ्या. काठ कुठे टवका गेलेला नाही ना, ते आधी मोठ्यांकडून पाहून घ्या. हात साबणानं स्वच्छ धुवा, बोट पाण्यात बुडवा आणि पेल्याच्या काठावरून हलक्या दाबानं गोल गोल फिरवा. थोड्या वेळानं पेला गायला लागेल. बोट काचेला पकडतंय आणि सोडतंय. आता त्याच बोटाला खोबरेल तेलाचा एक थेंब लावा आणि पुन्हा फिरवा. गाणं बंद! तेलामुळे पकडच होत नाही, तर सोड कुठून होणार?

मग ब्रेकलाही तेल लावून टाकलं तर?

नाही. कधीही नाही. तेलानं आवाज जाईल, हे अगदी खरं. पण पकडीबरोबर ब्रेकही जाईल. गाडी थांबते ती त्या पकडीमुळेच. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं, सायकलच्या साखळीला तेल सोडायचं, दाराच्या बिजागरीत थेंब टाकायचा, हे सगळं योग्य. ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर मात्र तेलाचा अंशसुद्धा नको. आवाज बंद करणं आणि ब्रेक दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे न कळलेली बरीच मोठी माणसंही मी पाहिली आहेत.

ब्रेकचा त्रास मोटारीइतकाच जुना आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या दोन मुलांना, १५ वर्षांच्या ऑयगेनला आणि १३ वर्षांच्या रिशार्डला, घेऊन भल्या सकाळी नवऱ्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून निघाल्या. नवऱ्याला न सांगता! मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर. एवढा लांबचा प्रवास मोटारीनं तोवर कुणी केलाच नव्हता. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. बर्थाबाईंनी वाटेत एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. झालं, ब्रेकला पहिलं अस्तर मिळालं. कुंभकोणमच्या पाचरीप्रमाणेच तिथंही आधी लाकूडच होतं, पाहा.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम, पण पॅड तांब्याचे. धातूवर धातू! आवाज असा भयंकर, की गाडीत बसवेना. मग १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडला अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावण्याची युक्ती काढली आणि किंचाळणं पुष्कळ कमी झालं. हे फ्रूडसाहेब मूळचे घोडागाड्यांच्या ब्रेकचे जाणकार. डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्यांना जुने बूट बांधतात, हे पाहून त्यांना अस्तराची कल्पना सुचली म्हणतात. पुढे कळलं, की अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात गेले तर गंभीर आजार होतात. म्हणून आताचे चांगले पॅड त्याच्याशिवाय बनतात. राळेसारखं चिकट रसायन, धातूचे तंतू, ग्राफाइट, रबराची पूड असं बरंच काही मिसळून, दाबून, भाजून. पाकक्रिया प्रत्येक कंपनीची वेगळी आणि गुप्त. आपल्या देशातला या धंद्याचा एक मोठा अड्डा तमिळनाडूतच आहे. चेन्नईच्या पाडी भागात ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ पासून ब्रेक बनवते आहे.

चला, आता आपण गॅरेजमध्ये जाऊ. डॉक्टर जसे आधी नाडी पाहतात, तसा हुशार मेकॅनिक पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारतो. आवाज कधी येतो?

‘सकाळी निघताना येतो, पाचदहा मिनिटांनी बंद होतो.’ मग बहुधा काळजी नको. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मोठा पाऊस. रात्रभर दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा तांबूस थर चढतो. आपल्या कोकणातही पावसाळ्यात हेच होतं. पहिल्या चारदोन ब्रेकमध्ये पॅड तो थर खरवडून काढतात आणि आवाज थांबतो.

‘ब्रेक न लावताही बारीक चीं चालू असते, ब्रेक लावला की बदलते किंवा थांबते.’ हा आवाज माझा सर्वांत आवडता, कारण तो मुद्दाम ठेवलेला आहे! कितीतरी पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी जोडलेली असते. पॅड नवा असतो तेव्हा त्याच्या घासणाऱ्या थराची जाडी साधारण १० मिलिमीटर. तो झिजत झिजत २–३ मिलिमीटर उरला, की पट्टीचं टोक फिरत्या डिस्कला टेकतं आणि ओरडायला लागतं: मला बदला, मला बदला! कुणा इंजिनिअरनं किती साधी आणि किती छान युक्ती केली आहे. ना वीज, ना बटण, ना दिवा.

‘हळूच ब्रेक लावला की चीं, जोरात लावला की नाही.’ इथे पॅड झिजलेले नसतीलही. खूप तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, नाहीतर पॅडच्या मागच्या बाजूला बसवायची पातळ पत्र्याची चकती, जिला शिम म्हणतात, ती सुटली असेल.

‘खर्रर्र खर्रर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं.’ पॅडचा थर संपला आणि मागचं लोखंड डिस्कला खातंय. गाडी तिथेच थांबवायची. ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हासुद्धा शहाणपणा नाही.

‘एकाच चाकातून आवाज येतो आणि उतरल्यावर तिथून जळकट वास येतो.’ कॅलिपर अडकला असणार. ब्रेक सोडला तरी तो पॅडला सोडत नाही. अशा चाकाला हात लावू नका, भाजेल.

‘चाक फिरतं तसं दरवेळी खरखर.’ कधीकधी एवढुसा खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकलेला असतो. एक खडा, आणि सगळ्या घराला घोर!

बसस्टँडवर मोठ्या बसमधून येणारा ‘फुस्स’ मात्र बिघाड नव्हे. कुंभकोणम हे तमिळनाडूच्या सरकारी बसवाहतुकीचं एक मोठं केंद्र, १९७२ मध्ये तिथं ‘चोळन रोडवेज’ सुरू झाली होती. अशा मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. चालकानं पाय उचलला, की वापरलेली हवा बाहेर पडते, तिचा तो सुस्कारा.

प्रश्न संपले की मेकॅनिक कामाला लागतो. गाडी सपाट जागी, दुसऱ्या चाकांना ओट (हो, दगडाची किंवा लाकडाची, पुन्हा पाचरच!). चाकाचे नट आधी जमिनीवरच जरा सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली भक्कम स्टँड द्यायचा. चाक निघालं. आता डिस्क समोर. मेकॅनिक तिच्यावरून नजर फिरवतो: चरे पडलेत का, काठाला उंचवटा झालाय का? कॅलिपरचा एक बोल्ट काढून तो वर उचलतो आणि पॅड बाहेर ओढतो.

पॅड हातात घेऊन जवळून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. तळहातावर मावणारी लोखंडी पट्टी, तिला चिकटवलेला काळा-करडा थर. उजेडात तिरका धरलात तर त्यात तांबूस, सोनेरी, रुपेरी ठिपके चमकतात, ते धातूचे तंतू. मधोमध एक चीर असते. धूळ आणि पाणी बाहेर जावं म्हणून. आणि काठ तिरपे कापलेले असतात, तेही आवाज कमी व्हावा म्हणूनच. सगळी काळी धूळ मेकॅनिक फुंकर मारून उडवत नाही, निदान उडवू नये. जुन्या पॅडमध्ये काय होतं कुणास ठाऊक. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची.

थर पुरेसा असेल आणि नुसताच चकाकत असेल तर पॉलिश पेपरवर हलकं घासून तो खडबडीत करतात. थर संपत आला असेल तर नवे पॅड, आणि तेही दोन्ही बाजूंच्या चाकांना एकदमच. एक बाजू नवी, एक जुनी असं केलं तर गाडी ब्रेक लावताच एकीकडे ओढते. रथाच्या एकाच चाकाखाली पाचर घातल्यावर होतं तसं. डिस्कला खोल चरे असतील तर लेथवर तिचा चेहरा सपाट करून घेतात, पण ती किती पातळ झाली तर चालेल याचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की नवीनच घ्यायची.

आणि आता खरा गुपिताचा भाग. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या पिना सुकल्या किंवा गंजल्या की पॅड वाकडातिकडा टेकतो आणि किंचाळतो. त्या साफ करून त्यांना उष्णता सोसणारं खास ब्रेक ग्रीस लावायचं. तेच ग्रीस पॅडच्या पाठीवर, जिथं दट्ट्या टेकतो तिथं, बोटभर. पाठीवर! पोटावर नव्हे. पाठीवरचं ग्रीस थरथर शोषून घेतं. पोटावरचं ग्रीस गाडी थांबू देत नाही. एकाच डबीतलं ग्रीस, एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला विष.

सगळं परत बसवल्यावर शहाणा मेकॅनिक लगेच गाडी हलवत नाही. आधी जागेवरच ब्रेकचा पायटा तीनचार वेळा दाबतो. नवे जाड पॅड बसवताना दट्ट्या आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पाय थेट तळाला जातो आणि ब्रेक लागतच नाही. हे विसरून गॅरेजच्या भिंतीवर आदळलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

मोटारीचा ब्रेक खोलणं हे तुमचं काम नाही, ते मोठ्यांचं आणि जाणकारांचं. पण सायकल तुमची आहे ना? तिचा रबरी ठोकळ्यांचा ब्रेक चीं करत असेल तर ताई, दादा किंवा बाबांना बरोबर घेऊन बसा. चाकाची रिम साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडी करा. ठोकळा पॉलिश पेपरवर दोनदा घासा. मग ठोकळ्याचा नट थोडा सैल करून, त्याच्या मागच्या टोकाखाली जुन्या लग्नपत्रिकेचा दुमडलेला तुकडा ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि नट आवळा. पत्रिकेचा तुकडा काढला, की ठोकळ्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागचं किंचित उशिरा. पकड–सोडीचा ताल मोडतो आणि सायकल गप्प बसते. नंतर अंगणात हळू चालवून ब्रेक नीट लागतोय ना, ते पाहायचं आणि मगच रस्त्यावर जायचं.

आणि घरच्या मोटारीसाठी एवढं करा. पुढच्या वेळी ब्रेकचा आवाज आला, की एका कागदावर टिपून ठेवा: सकाळी की दिवसभर, हळू ब्रेकला की जोरात, पुढून की मागून, चीं की खर्रर्र, वास आला का. गाडी गॅरेजला जाईल त्या दिवशी तो कागद आईबाबांबरोबर मेकॅनिककाकांना द्या. त्यांना निम्मं निदान तिथेच मिळेल.